फिनाईलच्या गाण्यावर चार चमचे

३ मार्च

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नाही.

आई जेवत नाही. हे कळवणं माझं काम आहे म्हणून कळवते. तू यावंस म्हणून नाही. सूप भरवलं की गालात धरून ठेवते. बराच वेळ. मग मान कलती झाली की ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर सोडते. डॉक्टर म्हणतात घसा ठीक आहे, जीभ ठीक आहे, गिळायचं कसं हे ती विसरलेली नाही. तिला गिळायचं नाही, एवढंच. मी सारखे अभ्रे बदलते. गाजराचा कोमट वास अभ्र्यातून जात नाही. माझ्या हातांतूनही जात नाही. ध्वनिसंग्रहात जाऊन हेडफोन कानांवर चढवले तर तिथेही येतो.

माझं काम तेच आहे. जुन्या ध्वनिमुद्रणांवरची खरखर काढायची आणि तिच्याखाली सापडलेला माणूस शाबूत ठेवायचा.

ती आता ओळखत नाही. मला 'बाई' म्हणते. परवा विचारलं, "अहो बाई, तुमची आई कुठे असते?" म्हटलं, "आत आहे." तेवढ्यावर तिचं समाधान झालं.

तुझं नाव ती काढत नाही. बाबांनी तुला घराबाहेर काढलं तेव्हाही काही बोलली नव्हती, उठून स्वयंपाकघरात गेली होती. तिला ते पटलं होतं असंच मी धरून चालते.

डॉक्टर म्हणाले, "गाणी लावून बघा. ओळखीचं काहीतरी. कधी कधी तोंड उघडतात." ओळखीचं म्हणजे दोन-चार गाणी असतील असं त्यांना वाटलं असणार. आमच्या भिंतीला तबकड्यांचं कपाट नाही, कपाटाला भिंत आहे, हे त्यांना कुठून माहीत असणार?

उद्यापासून लावते.


११ मार्च

तुझं कार्ड मिळालं. 'येऊ का?' एवढंच.

नको.

काय काय लावलं ते सांगते. हे दुसऱ्या कोणाला सांगण्यात अर्थ नाही. मावशींना, म्हणजे आईला सांभाळायला येतात त्यांना, सांगितलं तर त्या नुसतं "बरं" म्हणतात.

आधी बाबांची लाडकी ती म्हातारी गायिका. त्या मुद्रणाच्या वेळी तिचा आवाज फाटलेला होता आणि तिने तो लपवलेला नाही. एका स्वराच्या उंबऱ्यावर ती बसून राहते. आत जात नाही. आपल्याला वाटतं, आता जाईल. आता. आणि जाते तेव्हा दार कधी उघडलं ते कळत नाही. इतक्यांदा ऐकूनही मला ती जागा पकडता आलेली नाही, आणि पकडता येऊ नये असंच वाटतं. आई भिंतीकडे तोंड करून झोपली.

मग खाणकामगारांचं गाणं. हातोडे पडतात आणि वीसेक माणसं गातात, त्यांत एक जण सतत किंचित मागे. आमच्या साहेबांनी मला तो सरळ करून घ्यायला सांगितलं होतं. मी केला नाही. तो माणूस दमलेला आहे. त्याला ओळीत बसवलं की गाणं राहतं आणि खाण जाते. आईने चादरीचा दोरा ओढत बसण्यापलीकडे काही केलं नाही.

ट्रम्पेटवाल्याची तबकडी लावली. शेवटच्या वरच्या स्वराला त्याचा ओठ घसरतो, स्वर चिरतो, आणि त्याने ते तसंच राहू दिलं. मी त्या चिरेसाठी सगळी तबकडी ऐकते. आई म्हणाली, "कोण ओरडतंय? त्याला आत घ्या."

हे मला आवडलं. पण सूप उशीवरच गेलं.

सिनेमातलं ते नाचाचं गाणं, जे बाबांसमोर लावायची सोय नव्हती. तिसऱ्या कडव्यात एका शब्दाच्या आधी गायिकेला हसू येतं आणि ती ते अर्धं गिळते. अख्ख्या वाद्यवृंदात तेवढा एक खरा श्वास. नाही. समुद्रावरची मासेमारांची गाणी. नाही. प्रार्थनेचा समूहस्वर. नाही. शेवटी तुझ्या बंद दाराआडून यायची ती गिटारवाल्यांची तबकडीसुद्धा लावली. सगळे थांबल्यावर मागे ॲम्प्लिफायरची घरघर उरते ना, ती मला तेव्हाही आवडायची. सांगितलं नव्हतं. आईने चादर डोक्यावर घेतली.

सगळं बाबांच्या शिस्तीत चाललं होतं. बोलायचं नाही, पाय हलवायचा नाही, गुणगुणायचं तर मुळीच नाही. बाबा असताना आई दारात उभी राहून ऐकायची आणि तिच्या घशातून काही निघालं की बाबा फक्त बोट वर करायचे. माझ्या रविवारच्या श्रवणमंडळात आजही हाच नियम आहे. दातांच्या डॉक्टरांना मी त्यावरूनच काढून टाकलं. "अहो, मी गुणगुणत होतो हे मला कळलंसुद्धा नाही," म्हणाले. म्हटलं, "म्हणूनच."

आता काल काय झालं ते.

मावशी फरशी पुसत होत्या. खोलीभर फिनाईलचा वास. मी चमचा धरून बसले होते, आईचे ओठ शिवल्यासारखे. आणि मावशींनी सुरू केलं:

*एक थेंब इकडे, एक थेंब तिकडे,*
*जंतू मेले, बघा ना गडे!*

"मावशी, बंद करा ते."

"का हो? बाटलीवरचंच गाणं आहे. फरशीला पण सूर लागतो."

"बंद करा म्हटलं ना."

"बंद काय करा! तिकडे बघा आधी. आजींनी तोंड उघडलं. चमचा घाला, चमचा घाला!"

चार चमचे गेले. गिळले. मावशी गात होत्या, बादली हलवत होत्या, आणि आई पिलासारखी तोंड वासून बसली होती.

मी मोरीत जाऊन ओकून आले. अतिशयोक्ती करत नाहीये.


२० मार्च

दुकानातल्या टीव्हीवर ती फिनाईलची जाहिरात लागते, तिथे जाऊन मोबाईलवर उतरवून घेतली. दुकानदाराने विचारलं, "एवढं आवडतं?" मी मोबाईल पिशवीत टाकून निघाले.

आता हे रोज चालतं. जेवणाच्या वेळी तुझं गाणं लावायचं. ते संपतं, पुन्हा लावायचं. तेवढ्यात चार चमचे जातात. वाटी संपेपर्यंत ते किती वेळा ऐकावं लागतं याचा हिशोब मी ठेवत नाही, ठेवला तर वेड लागेल. चकचकीत, गुळगुळीत, खोटं. नळातून येणाऱ्या पाण्यालाही यापेक्षा जास्त ताल असतो. मुलांचे आवाज साबणात बुडवून काढल्यासारखे, मागे तो प्लास्टिकचा ढोल, आणि वर तू. इतका चांगला गळा. बाबांनी पहाटे उठवून घासलेला गळा, आणि तू त्याने काय घासलंस?

मला त्या आवाजाची किळस येते. लावल्याबरोबर तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. आईची हनुवटी पुसताना, चमच्याला लागलेली लाळेची तार तुटेपर्यंत वाट बघताना, डोक्यात जंतू मेले, जंतू मेले. ध्वनिसंग्रहात बसून एका जुन्या शोकगीताची खरखर काढत होते. त्यातही तेच ऐकू यायला लागलं. दिवसभराचं काम पुन्हा करावं लागलं.

तुला वाटत असेल बाबा एका जाहिरातीवरून एवढे चिडले. शिकवायला वर्गात शिरले की मागच्या बाकांवरून ते गाणं सुरू व्हायचं, हे त्यांनी तुला सांगितलं नव्हतं. घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. निवृत्तीच्या समारंभात त्यांच्याच एका सहकाऱ्याने गंमत म्हणून सांगितलं आणि सगळे हसले. बाबाही हसले. ते हसणं मी जवळून पाहिलेलं आहे.

मावशी काल म्हणाल्या, "ज्याने हे केलं ना, त्याचं तोंड गोड करायला हवं."

मी म्हटलं, "तो माझा भाऊ आहे."

"काय सांगता! मग बोलवा की त्याला. आजी खूश होतील."

"आमचं बोलणं नाही."

"जमिनीवरून?"

"गाण्यावरून."

मावशींनी पोळलेल्यासारखा हात कपाळावर मारला. "गाण्यावरून! अहो ताई, आमच्यात माणसं वाटणीवरून भांडतात, बायकोवरून भांडतात, दारू पिऊन भांडतात. गाण्यावरून भांडायला पोट फारच भरलेलं लागतं."

मी त्यांना म्हटलं, भांडी घासा.

आता मुद्द्याचं. मला या गाण्यातले शब्द आणि फिनाईलचं नाव काढायचं आहे. नुसती चाल ठेवली तर कदाचित मला खोलीत बसवेल. दुकानातून उतरवलेल्यात सगळं एकमेकांत कालवलेलं आहे, वेगळं होत नाही. तुझ्याकडे मूळ मुद्रण असेल, प्रत्येक आवाज सुटा. ते पाठव. मेहरबानी म्हणून मागत नाही. आईसाठी लागतंय.

सोबत पत्र नको.


२ एप्रिल

मिळालं. पत्र नव्हतं. सांगितलेलं ऐकलंस, हे पहिल्यांदाच.

आधी तुझा आवाज काढला. मग मुलं. मग ढोल. फिनाईलचं नाव काढलं तेव्हा इतकं बरं वाटलं की मी उठून खिडकी उघडली. उरलेली चाल जरा संथ केली, मागे एक साधी तंतुवाद्याची ओळ घातली. ऐकण्यासारखं झालं होतं. माझ्या मंडळात लावलं असतं तर कोणाला संशय आला नसता.

आईने तोंड मिटून घेतलं. दोन दिवस मी तेच लावत राहिले, ती मिटत राहिली. मावशी दारातून म्हणाल्या, "ताई, त्यातला जीव काढलात तुम्ही." मी त्यांना कामाला लावलं.

म्हणून काल पुन्हा सगळे तुकडे घेऊन बसले. एक मी उघडलाच नव्हता. गुणगुणण्याचा. तुझ्या प्रत्येक ओळीनंतर मागे कोणीतरी 'हूं हूं' करतं ना, तो. जाहिरातीत तो जेमतेम ऐकू येतो. मला वाटलं होतं यंत्रावर केलाय.

हेडफोन घातले.

आधी भांड्याचा आवाज. मग नाकाने घेतलेला श्वास. मग ती बाई गायला लागली. तोंड मिटून, हलकं, चमच्याने कशावर तरी ठोके देत. तुझी ओळ संपायच्या किंचित आधी शिरते. घाई नाही ती. तू कुठे थांबणार हे तिला तुझ्या आधी कळलेलं आहे. दुसऱ्या वेळी ती चाल थोडी वळवते, खाली नेते आणि अलगद परत आणून ठेवते. ते तू शिकवलेलं नाहीस. तुला येतच नाही तसं. मी मनात म्हटलं, ही कोण आहे? हिच्या आणखी तबकड्या कुठे मिळतील?

अक्षरशः हे म्हटलं मी.

गाणं संपल्यावर ती बाई म्हणाली, "झालं का रे? दूध ठेवलंय मी गॅसवर."

श्वासावरून मी गाणाऱ्याचं वय सांगते. ध्वनिसंग्रहात हे सगळ्यांना माहीत आहे. मीच सांगितलेलं आहे. मेलेल्या माणसांची सर्दी मला ऐकू येते. आणि हा आवाज इतकी वर्षं घराघरांतल्या टीव्हीतून येत होता, आमच्याही, आणि तो लागला की मी उठून टीव्ही बंद करत होते. आई समोर बसलेली असायची. मी बंद केला की ती म्हणायची, "बरं केलंस."

मला आता कोणाची किळस येते ते नीट सांगता येत नाही. आधी सोपं होतं, तुझी येत होती. आईचीही येते. ती सगळ्यांना फसवून स्वयंपाकघरात तुझ्याबरोबर गायली, आणि बाबांनी तुला हाकललं तेव्हा तिने तोंडातून ब्र काढला नाही. एक वाक्य बोलली असती. 'मी पण आहे त्यात.' एवढंच. तिने बाबांना घाबरावं यात नवल नाही. पण बाबा गेल्यावर? तेव्हा घरात मी एकटी होते.

हे लिहून वाचलं. खोडत नाही.

आणि तू. तू तरी कधी सांगितलं का नाहीस? तिने शपथ घातली असणार. तिची खोड.


९ एप्रिल

तुझं मूळ गाणं पुन्हा लावलं, आईचा आवाज वर काढून. तीन दिवस चांगले गेले. सूपच नाही, मऊ भातही खाल्ला. मग तिने यंत्राकडे बघायला सुरुवात केली. गाणं सुरू झालं की ती आवाज कुठून येतो ते शोधते. यंत्र दिसतं, माणूस दिसत नाही. तोंड मिटते. ओठांच्या कोपऱ्यात पुन्हा ती लाळ.

आज डॉक्टर आले होते. वजन करून म्हणाले, "सोमवारपर्यंत बघू. नाहीतर नाकातून नळी घालू. दवाखान्यात भरती करावं लागेल." मी विचारलं नळी किती दिवस. ते म्हणाले, "हात बांधावे लागतात कधी कधी. नळी उपटून काढतात."

ते गेल्यावर मावशींनी गाऊन बघितलं. बादली घेऊन, फरशी कोरडी असताना. आईने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चुकलं."

कित्येक दिवसांत ती काही बोललेली नव्हती. मावशींनी माझ्याकडे बघितलं. "आता तुम्ही."

"मी गात नाही."

"मग नळी घाला."

मी गायले. तू कल्पना करू नकोस. जन्मभर मी फक्त ऐकलेलं आहे. गळ्यातून निघालं ते दाराच्या बिजागरीसारखं होतं. एक थेंब इकडे, एक थेंब तिकडे. मावशींनी पदर तोंडात कोंबला होता. मला स्वतःच्या आवाजाची एवढी शिसारी आली की मी डोळे मिटून घेतले.

"चुकलं," आई म्हणाली. "चुकलं ग."

पुन्हा गायले.

"वर जायचं तिथे. असं नाही."

आणि तिने करून दाखवलं. हूं हूं. नाकाने श्वास घेऊन, ओळीच्या किंचित आधी शिरून. आवाज म्हणजे नुसती हवा होती, पण वळण तेच. खाली नेलं, अलगद परत आणून ठेवलं. मी बघत राहिले, हातातला चमचा कलला, सूप माझ्या मांडीवर. मग तिने तोंड उघडलं आणि वाट बघू लागली. सुपाची नाही. पुढच्या ओळीची.

मी पुढची ओळ म्हटली आणि ती मला जमली नाही. ती दाराकडे बघायला लागली. दुपारी पुन्हा तेच. मी गाते, मावशी गातात, ती आम्हाला दुरुस्त करते, एकदाच गुणगुणते आणि मग दाराकडे. तेवढ्या वेळात एखादा चमचा जातो. एखाद्या चमच्यावर माणूस जगत नाही.

तर असं आहे. ओळ बरोबर येईल तेव्हाच तिचा भाग येतो, आणि तिचा भाग संपतो तेव्हाच तोंड उघडं असतं. समोर बसून गाणारा माणूस लागतो, आणि तो चुकून चालत नाही.

गाणं मला आवडलेलं नाही. ते घाणेरडंच आहे. मेलेले जंतू घेऊन मी कुठल्याही चांगल्या गाण्याशेजारी बसणार नाही. तिचा तेवढा तुकडा मात्र मी वेगळा करून ठेवलाय. दूध ठेवलंय म्हणते तेही ठेवलंय. त्या म्हाताऱ्या गायिकेच्या तबकडीशेजारी.

सोमवारच्या आत ये. जेवणाच्या वेळेला ये, त्याआधी येऊन माझ्याशी बोलत बसू नकोस, मला ते जमणार नाही. सरळ तिच्या खोलीत जा, तिच्यासमोर बस. तू गा. भरवायचं मी बघते.